थार पडीक नाही, निर्जन तर नाहीच

राजस्थानच्या सहलीचे बेत आखणाऱ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो: थार म्हणजे निर्जन वाळू, कालवा येण्यापूर्वी तिथे शेती नव्हती, जमीन सारी पडीक आहे आणि ते पाहायला जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवरची एक संध्याकाळ पुरेशी आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

'निर्जन' हे विधान तर सर्वांत कच्चे आहे. जगातील सर्वाधिक दाट वस्तीच्या वाळवंटांत थारची गणना होते. जोधपूर आणि बिकानेर ही शहरे याच प्रदेशात आहेत, तर ११५६ मध्ये वसलेल्या जैसलमेरच्या किल्ल्यात आजही कुटुंबे नांदतात.

इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. त्याने बिकानेर आणि गंगानगरकडे घडवलेला पालट नाकारण्याचे कारण नाही. मात्र जैसलमेर भागातील पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकातच खडीनची पद्धत रूढ केली होती. खडकाळ उतारावरून धावणारे पावसाचे पाणी सखल जागी मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि वापसा आला की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, अशी ही रीत आहे. जिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे रब्बीचे पीक काढणाऱ्या या शहाणपणाला 'शेती नव्हती' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पिण्याच्या पाण्याचीही अशीच सोय आहे: काही ठिकाणी वाळूखालचा जिप्समचा थर मुरलेल्या पाण्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही, म्हणून त्या थरापर्यंत खणलेल्या कुईत, म्हणजे अरुंद विहिरीत, थेंबाथेंबाने गोडे पाणी साठते.

'पडीक' हा शब्द सर्वांत घातक आहे. गावांनी देवाच्या नावाने राखलेली ओरणे, म्हणजे आपल्या देवरायांसारखीच राने, महसुली दप्तरात अनेकदा पडीक म्हणून नोंदलेली असतात आणि त्यामुळेच ती सौर प्रकल्पांसाठी सहज दिली जातात. याच ओरणांत गुरे चरतात. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी तिथे खेजडी म्हणून ओळखली जाते. तिच्या शेंगांची सांगरी भाजीत पडते आणि पाला जनावरांच्या मुखी जातो. १७३० मध्ये खेजडली गावात बिश्नोई पंथाच्या ३६३ जणांनी या झाडांसाठी प्राण दिले. सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्याला माहीत असलेल्या माळढोक पक्ष्याचा अखेरचा मोठा आसराही थारमध्येच आहे, आणि विजेच्या उंच तारांना धडकून तो मरत आहे.

राहिली एक संध्याकाळ. सम इथल्या तंबूत दोन गाणी ऐकवणारे मांगणियार हे मुस्लिम गायक पिढ्यानपिढ्या हिंदू जजमानांच्या, म्हणजे आश्रयदात्यांच्या, घरी जन्मापासून लग्नापर्यंतच्या प्रसंगी गात आले आहेत. त्यांचे 'कमायचा' हे तंतुवाद्य ऐकायचे, तर त्यांच्या गावी जाऊन थांबावे लागते. जैसलमेरजवळच्या अकल गावी ज्युरासिक काळातील वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. हिवाळ्यात खीचन गावी उतरणाऱ्या हजारो कुरजां पक्ष्यांना, म्हणजे करकोच्यांना, गावकरी धान्य घालतात, आणि तो थवा पाहायला संध्याकाळ नव्हे, पहाट गाठावी लागते.