दोन तारे आणि सकाळी अडणारा दुसरा गिअर: आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. इतरांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुमची १९९४ ची माझदा एमएक्स-५ गाडी सहा दिवस जळगावला आमच्या गॅरेजमध्ये होती. बिल झालं, गिअरचा लिव्हर आता डगडगत नाही. पण धुळ्यात सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर अजून अडतो, कधी करकरतो. दुसऱ्या एका मिस्त्रींनी गिअरबॉक्सच गेला म्हणून सांगितलं. शिवाय तुम्ही म्हणूनही आम्ही शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी अंतरात गिअर पडणारा लिव्हर, बसवला नाही. म्हणून दोन तारे.

आधी आमची चूक. बिलावर ‘गिअर काम’ एवढेच दोन शब्द लिहिले. काय केलं, काय केलं नाही, हे लिहून द्यायला हवं होतं. दुसरी चूक त्याहून मोठी: गाडी आम्ही दुपारी, तापलेल्या इंजिनवर चालवून पाहिली. तुमची तक्रार थंड गाडीची होती. ती थंडच तपासायला हवी होती.

आता काम. या गाडीत लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या वर बसतो, मध्ये केबल नाही की लांब दांड्या नाहीत. त्यामुळे लिव्हर ढिला वाटला तर कारणं दोन-चारच असतात आणि सगळी हाताखालीच सापडतात. नॉब आणि कन्सोल काढून वरचा मोठा रबर बूट सोडला, त्याला दहाच्या पान्याचे चार बोल्ट. त्याखाली लिव्हरच्या प्लेटचे तीन. लिव्हर वर ओढला तेव्हा खालच्या गोळ्यावरचा नायलॉनचा बुश पिवळा पडून एका बाजूने चिरलेला होता, नखाने दाबला तर तुकडा हातात आला. खालचा छोटा बूट घडीवर फाटलेला. गोळा ज्या कप्प्यात फिरतो तिथे तळाला चमचाभर काळं तेल, बोटांत चोळलं तर कचकच लागणारं. ही आपल्याकडची काळ्या मातीची धूळ. बूट फाटला की ती खालून आत जाते, आणि मे महिन्यात लिव्हरच्या मुळाशी गरम हवा येते तीही त्याच वाटेने.

या पाच गिअरच्या बॉक्समध्ये कप्प्याचं तेल वेगळं असतं. खाली गिअरबॉक्सचं तेल कितीही वेळा बदला, वरचा कप्पा कोरडाच राहतो. बरेच जण इथेच फसतात. आम्ही जुनं तेल सिरिंजने ओढून काढलं, कप्पा पुसला, बुश, दोन्ही बूट आणि स्प्रिंग वॉशर नवे टाकले, आणि ७५डब्ल्यू-९० जाडीचं गिअर तेल साधारण ९० मिली भरलं. जास्त भरलं तर लिव्हर बसवताना ते बाहेर येतं आणि गिअरबॉक्सवरच्या बोगद्यात सांडतं. सहा दिवस लागले ते बुश आणि बूट बाहेरून मागवावे लागले म्हणून. हात लावायचं काम दोन-अडीच तासांचंच.

म्हणजे आम्ही लिव्हरची ढिलाई काढली. दुसरा गिअर अडण्याचं कारण वेगळं आहे, आणि बुश बदलून ते जाणार नव्हतं. हे गाडी देतानाच सांगायला हवं होतं.

दुसरा गिअर पडताना सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या कोनावर घासते आणि दोघांची गती जुळवते. रिंगवरच्या बारीक रेषा तेलाचा थर कापतात. रेषा झिजल्या आणि तेल थंडीने घट्ट असलं की थर लवकर कापला जात नाही, गती जुळायच्या आत दात भिडतात, करकर होते. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० च्या खाली जातो, म्हणून तुम्हाला ते तिथे जास्त जाणवतं. पाच-सात किलोमीटर गेल्यावर गिअर लोण्यासारखा पडत असेल, तर रिंग झिजलीय पण संपलेली नाही. त्याला गिअरबॉक्स गेला म्हणत नाहीत.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच बघायचाच. क्लच पूर्ण सुटत नसेल तर आतला शाफ्ट फिरत राहतो, सिंक्रोला त्याच्याशीही झगडावं लागतं, आणि चांगली रिंगसुद्धा अकाली झिजते. या गाडीत क्लचचा खालचा सिलिंडर, म्हणजे स्लेव्ह, गळणं हे नेहमीचं दुखणं आहे. घरच्या घरी बघा: इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. करकरला तर क्लच चिकटतोय. मग पेडल भराभर दोन-तीनदा मारून परत टाका. आता सहज पडला तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे. बॉनेट उघडून क्लचच्या डबीत तेल किती आणि कोणत्या रंगाचं ते पाहा. शाईसारखं काळं झालं असेल तर आतले रबर झिजलेत. स्लेव्हच्या टोकाचा रबर बोटाने सरकवला आणि आत ओलं लागलं तर निकाल तिथेच लागला. तीस वर्षांची रबरी नळी दाबाने फुगते, पेडलची अर्धी मेहनत तीच खाते. सिलिंडर बदलताना नळीही बदलून घ्यावी, हे आमचं मत.

क्लच ठीक निघाला तर सिंक्रोची परीक्षा अशी: थंड गाडी, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना डबल क्लच करा. न्यूट्रलला क्लच सोडून थोडा रेस द्या, परत दाबून दुसरा टाका. असा टाकल्यावर आवाज नाही आणि साध्या पद्धतीने टाकल्यावर आहे, तर रिंगच. मात्र कन्नड घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गिअर आपोआप न्यूट्रलला उडाला, तर दात किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलेत. मग बॉक्स उघडावाच लागेल, तिथे तेलाने काही होत नाही.

रेस दिली-सोडली की लिव्हर पुढे-मागे होत असेल तर इंजिनाची दोन माऊंटिंग बघायची. या गाडीत गिअरबॉक्सखाली वेगळं माऊंटिंग नाही, तो ॲल्युमिनियमच्या लांब बीमने मागच्या डिफरन्शियलला जोडलेला आहे. तुमच्या गाडीत हे लक्षण आम्हाला दिसलं नाही.

गिअरबॉक्सचं तेल आम्ही बदललेलं नाही. लागतं २ लिटर. हँडबुकला ७५डब्ल्यू-९० मध्ये जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर तेलाचे दोन्ही दर्जे चालतात, पण झिजलेल्या सिंक्रोला आम्ही जीएल-४ च देतो. जीएल-५ मधली दाबाची रसायनं तेल जास्त निसरडं करतात, आणि रिंगला तर पकड हवी असते. कुणीही बदलो, भरायचा बोल्ट आधी सैल करून बघावा, मगच खालचा उघडावा. तेल रिकामं झालं आणि वरचा बोल्ट हललाच नाही तर गाडी तिथेच अडकते. खालच्या बोल्टवर राखाडी लेप असणं नेहमीचं. सोनेरी चमक दिसली तर ती रिंगचं पितळ. टोकदार तुकडा आला तर गाडी चालवू नका.

शॉर्ट शिफ्टरला आम्ही नाही म्हटलं, ते आजही नाहीच. लिव्हरचं अंतर कमी झालं की हाताला जोर जास्त लागतो आणि गिअर घाईने ढकलला जातो. झिजलेल्या रिंगला गती जुळवायला वेळ हवा, आपण तोच काढून घेतो. क्लच आणि सिंक्रो ठीक झाल्यावर हवा असेल तर आनंदाने बसवू.

पुढचं असं ठरवू. गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी सातला तुमच्यासमोर, तुम्हीच स्टेअरिंगवर बसून वरच्या दोन्ही परीक्षा करू. क्लचमध्ये दोष निघाला तर स्लेव्ह आणि नळी बसवून एअर काढायची मजुरी घेणार नाही, फक्त पार्टचे पैसे. गिअरबॉक्सचं तेल बदलायचं झालं तर तेही तसंच. या वेळी बिलावर प्रत्येक पार्ट वेगळ्या ओळीत लिहू, आणि जुने तुकडे पिशवीत घालून तुमच्या हातात देऊ. मागचा चिरलेला बुशही अजून आमच्याकडे ठेवलेला आहे.