जॉन ब्राउन आणि फाशीआधीचं ते चित्र : खुलासा

अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राउनचं एक चित्र सध्या ग्रुपांवर फिरतंय. तुरुंगाच्या पायऱ्या उतरताना तो एका गुलाम आईच्या बाळाचा मुका घेतोय, आणि खाली 'प्रत्यक्ष प्रसंग' असं लिहिलंय.

असा प्रसंग घडला नाही. फाशीच्या दिवशी, २ डिसेंबर १८५९ रोजी, व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउनमध्ये सैन्याचा कडक बंदोबस्त होता, सामान्य लोकांना ब्राउनच्या जवळपासही फिरकू दिलं नव्हतं. स्वतःच्या शवपेटीवर बसून तो गाडीतून वधस्थळी गेला. सोबत असलेले तुरुंगाधिकारी जॉन ॲव्हिस यांनीही मुक्याची ही गोष्ट पुढे नाकारली. ती पसरली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातून. चित्र तर थॉमस होव्हेंडेन यांनी १८८० च्या दशकात रंगवलेलं आहे.

मला वाटतं, खरी हकीकत जास्त हलवून टाकते. ब्राउनने शेवटच्या दिवसांतल्या एका पत्रात लिहिलं होतं की माझ्यासाठी ढोंगी प्रार्थना नकोत. सोबतीला अनवाणी, फाटक्या कपड्यांतली गुलाम मुलं आणि एखादी म्हातारी गुलाम आई असावी. ही इच्छा पुरी झाली नाही.

तेव्हा कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.