कडी काढलेला राणीछाप रुपया: आधी कड पाहा

1862 चा राणीछाप रुपया (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला चांदीचा रुपया) हारातला असेल, ओवण्यासाठी जोडलेली कडी काढून घासलेला असेल, तरी 'दुर्मीळ' म्हणून विकावा, असा सल्ला एका लेखात वाचला; तो मला पटत नाही. 1862 हे साल 1874 पर्यंत तसंच छापलं जात होतं, त्यामुळे ही नाणी भरपूर आहेत.

खरं-खोटं ठरवायला आधी वजन करा. मूळ वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण कडी जोडताना दिलेला डाग (सोल्डर) शिल्लक असेल तर झीज झाकली जाते, म्हणून एकट्या वजनावर भरवसा नको. काट्यावर पाण्याचा कप ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने बुडवा, तळाला टेकू देऊ नका. पूर्ण वजनाच्या नाण्याला काटा 1.13 ग्रॅमच्या आसपास दाखवेल. 1.3 च्या वर गेला, तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला, चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) समजा.

मग भिंगाने कड बघा, विशेषतः राणीच्या मुकुटाच्या वरची. कानशीने पुन्हा पाडलेले दाते शेजारच्या दात्यांना समांतर नसतात, आणि डागाचा रंग किंचित पिवळसर दिसतो. बुजवलेलं भोक तिरक्या उजेडात ओळखू येतं: तिथली नक्षी कोरलेली असते, ठशातून उठलेली नसते.

असा खरा पण कडी काढलेला किंवा भोक बुजवलेला रुपया चांदीच्या भावाने धरा, शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका, उरलीसुरली किंमतही जाते.