छज्जा वीतभर, खिडकी बंद

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक निरोप फिरतोय: "सरकारी इस्पितळाला ग्रीन बिल्डिंगची चैन कशाला? आधी खाटा वाढवा, सगळीकडे एसी लावा, गच्चीवर सोलर टाका. मानांकन म्हणजे नुसती पाटी." गोव्यातली माझ्या ओळखीची माणसं तो मनापासून पुढे पाठवतायत, म्हणून हे लिहितेय.

खाटा हव्यातच. पण ग्रीन बिल्डिंग म्हणजे वीज-पाणी कमी लागेल, हवा खेळती राहील अशी बांधलेली इमारत. इस्पितळाचे दिवे, पंप, लिफ्ट रात्रंदिवस चालतात आणि ते बिल पुढची कित्येक वर्षं आपल्याच करातून जातं. इमारतीचं तोंड कुठे, छज्जा किती रुंद, हे नकाशावर ठरवणं स्वस्त. बांधून झाल्यावर बदलणं महाग.

"सगळीकडे एसी" मला सगळ्यात जास्त खटकतं. ऑपरेशन थिएटरला, आयसीयूला गाळलेली हवा लागतेच. साध्या वॉर्डातला स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. शेजारच्या खाटेवर निदान न झालेला क्षयरोगी असला तर? नैसर्गिक वायुवीजनाच्या वॉर्डासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगितली. दारं-खिडक्या लावून ती कुठून येणार?

गेल्या आषाढात मावशीच्या उशाशी एका सरकारी वॉर्डात चार रात्री बसले. खिडकी मोठी, नैर्ऋत्येकडे, वर छज्जा वीतभर. सर आली की पाणी थेट गादीवर. नर्सबाईंनी खाट ओढून घेतली, खिडकी लावली, फटीत जुनी चादर कोंबली. भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके होते आणि मावशी रात्रभर खोकत होती. आमच्या जुन्या घराला खाली उतरलेलं कौलारू छप्पर आणि पडवी आहे. झड लागली तरी आतली खिडकी उघडी राहते. हे शहाणपण कोट्यवधींच्या इमारतीत का नसावं?

सोलर जरूर लावा, पण आधी विजेची गरज कमी करून.

राहिली पाटी. 'गृह' हे ग्रीन बिल्डिंगसाठीचं आपलं राष्ट्रीय मानांकन २००७ पासूनचं. त्यात वीज, पाणी, कचरा, आतली हवा असं सगळं तपासतात. पाण्याचंच बघा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे १००० चौरस मीटर छपरावर ३० लाख लिटर! त्यातलं किती शौचालयांना वापरलं, खाटेमागे वीज किती लागली, जुलैत किती खिडक्या उघड्या राहिल्या, हे इस्पितळ सुरू झाल्यावर वर्षभराने मोजा आणि आकडे जाहीर करा. पाटी त्यानंतर लावा.