हिब्रू न येता इस्रायल-एक्सपर्ट व्हायचंय? मग हे वाचा

पहिली गोष्ट, हिब्रू शिकायच्या भानगडीत पडू नका. उजवीकडून डावीकडे वाचायचं, त्यात स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, कुणी सांगितलाय ताप. त्यापेक्षा सरळ टाइम्स ऑफ इस्रायल उघडा. २०१२ ला जेरुसलेममध्ये सुरू झालेली इंग्रजी साइट, संपादक डेव्हिड होरोविट्झ, ते आधी जेरुसलेम पोस्टचे संपादक होते. एवढं पाठ करा, टपरीवर अर्धी मॅच तिथेच जिंकलात.

मग त्या साइटचा लाइव्हब्लॉग, म्हणजे दिवसभर ताज्या नोंदी पडत राहतात ते पान. सकाळी दात घासताना एकदा बघायचा. वरच्या नोंदीत कुणीतरी म्हणतं युद्धबंदी होणार, चार नोंदी खाली दुसरा कुणीतरी म्हणतो कसली युद्धबंदी. आपल्याला जी आवडेल तिचा स्क्रीनशॉट काढायचा आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा. फक्त एक काळजी घ्या, ही मंडळी फार प्रामाणिक आहेत हो, चॅनल १२ या तिथल्या टीव्ही वाहिनीची बातमी दिली की लगेच खाली लिहितात की चॅनलने सोर्स सांगितलेला नाही. ती ओळ क्रॉप करायची. नाहीतर काका विचारतात.

अणुबॉम्बचा विषय निघाला की मजा बघा. तिथे मिलिटरी सेन्सॉर आहे, म्हणजे सुरक्षेच्या बातम्यांना लष्कराची कात्री, त्यामुळे तिथले पत्रकार स्वतःच्याच देशाच्या बॉम्बबद्दल 'परदेशी वृत्तांनुसार' असं लिहितात. डिमोनाची अणुभट्टी त्यांच्याच नेगेव्हच्या वाळवंटात आणि माहिती म्हणे परदेशातून आलेली! आता परदेशी म्हणजे कोण, आपणच की. तेव्हा बिनधास्त बोला.

साइटवर ब्लॉगही असतात, भरपूर लोक लिहितात, ते त्या लेखकाचं मत असतं, न्यूजरूमचं नव्हे. तुम्ही हा फरक करत बसू नका. २०१४ च्या गाझा युद्धात अशाच एका ब्लॉगचं शीर्षक वंशसंहार कधी चालतो अशा अर्थाचं निघालं, साइटने तो काढून टाकला, पण स्क्रीनशॉटवाले तोपर्यंत आपलं काम करून मोकळे झाले होते. आदर्श ठेवावा तर असा.

राजकारण सोपंय. क्नेसेट म्हणजे तिथली संसद, तिच्यात १२० जागा, बहुमत ६१. एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे ५ निवडणुका झाल्या, तुम्ही फक्त "बीबी (म्हणजे नेतान्याहू) परत येणार" म्हणत राहा, कधीतरी बरोबर येतंच. हिब्रू शब्द एकच शिका, हसबारा. मूळ अर्थ समजावून सांगणं, इंग्रजीत त्याची पब्लिक डिप्लोमसी होते. आपल्या देशाची बाजू जगाला पटवून द्यायची, असं ते काम. तिथे बहुतेक लोक हिब्रूत वाचतात-भांडतात, मग इंग्रजीत कुणासाठी लिहितात हा प्रश्न मात्र मनात आणू नका, झोप उडेल.

आणि हो, अलिबागला जाल तेव्हा जपून. नवगावला बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंचं, जुनं कबरस्तान आहे, ते बघायला इस्रायलमधल्या अश्दोदहून आलेल्या एखाद्या आजी भेटू शकतात, आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलणाऱ्या, कारण तिथे राहून त्यांनी ते टिकवलंय, अगदी मायबोली नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा काढलंय. त्या मलिद्याची ताटली पुढे करतील, पोहे, खोबरं, गूळ, आणि सायरन वाजल्यावर जिन्यात कसं धावायचं ते सांगतील. मान हलवा, मलिदा खा, आणि आजींचं म्हणणं बरोबर आहे का ते टेबलाखाली फोन धरून लाइव्हब्लॉगवर चेक करा.