शुद्धीत ऐकणाऱ्याला यात काय आहे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही वय बहात्तर लिहिलंय आणि तरुणपणी बारा वर्षं तबला शिकल्याचंही, म्हणून काका म्हणते.

सायकेडेलिक रॉकमधल्या, म्हणजे साठच्या दशकातल्या, नशेच्या अनुभवाशी जोडल्या गेलेल्या रॉक संगीतातल्या बारा अल्बमांवर मी लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे संगीत नशेत केलेलं आणि नशेतच ऐकायचं. त्यातली सतार आणि तबला म्हणजे दिवाणखान्यात आणून ठेवलेली शोभेची समई, जी कोणी पेटवत नाही. बाराच्या बारा नावं इंग्लंड-अमेरिकेतली. आणि शेवटी एक प्रश्न, शुद्धीत ऐकणाऱ्याला यात काय आहे? दोन दिवस मी ती प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. काही ठिकाणी तुमचं बरोबर आहे, ते आधी सांगते.

‘त्या काळाची धुंदी अंगावर घेऊन ऐका’ असं वाक्य मी लिहिलं होतं. ते मी काढून टाकलंय. ज्या धुंदीला मी असं सहज गोड ठरवलं, तिने माणसं संपवली आहेत. पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या बँडचा पहिला अल्बम, ‘द पायपर अॅट द गेट्स ऑफ डॉन’, ऑगस्ट 1967 मध्ये आला. त्यातली बहुतेक गाणी सिड बॅरेटची. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची मानसिक अवस्था इतकी ढासळली की त्याला मंचावर वाजवणं जमेना, आणि एप्रिल 1968 मध्ये तो बँडमधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. टेक्सासच्या ‘थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ या बँडने 1966 साली आपल्या अल्बमच्या नावातच ‘सायकेडेलिक’ शब्द घातला. त्यांचा गायक रॉकी एरिक्सन 1969 मध्ये गांजा बाळगल्याबद्दल पकडला गेला. तुरुंग टाळण्यासाठी त्याने वेडसरपणाचा बचाव घेतला आणि पुढची काही वर्षं मनोरुग्णालयात काढली. तिथे त्याला विजेचे झटके दिले गेले. हे सगळं माहीत असून मी ते वाक्य लिहिलं. तुम्ही टोकलंत, बरं केलंत.

पण ‘नशेत केलेलं’ हे मला मान्य नाही. ‘लव्ह’ नावाच्या लॉस एंजेलिसच्या बँडचा ‘फॉरेव्हर चेंजेस’ घ्या, नोव्हेंबर 1967 चा. माझ्या यादीत तो पहिला होता आणि अजूनही आहे. त्याचं ध्वनिमुद्रण सुरू व्हायच्या वेळी बँडची दशा वाईट होती, आणि त्यात व्यसनांचा वाटा मोठा होता. वाजवण्यात जीव नव्हता. मग निर्मात्यांनी बाहेरचे, रोजंदारीवर स्टुडिओत वाजवणारे कसलेले वादक बोलावले आणि दोन गाणी त्यांच्याकडून वाजवून घेतली. आपल्या गाण्यांवर परकी माणसं बसलेली पाहून बँडमधल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं सांगतात. त्यानंतर ते सावरले, तालमी केल्या आणि उरलेली नऊ गाणी स्वतः वाजवली. म्हणजे नशेने हा अल्बम जवळजवळ बुडवला होता. तो तरला मेहनतीवर.

आणि तो ऐकायला बसलात तर तुम्हाला धक्का बसेल, कारण त्यात कर्कश असं फार थोडं आहे. साध्या लाकडी गिटारी, वर व्हायोलिनं आणि ट्रम्पेट. डेव्हिड एंजेलने केलेली ही वाद्ययोजना इतकी नेटकी आहे की पहिल्यांदा ऐकताना वाटतं, किती गोड चालली आहेत गाणी. मग शब्दांकडे लक्ष जातं. गाणी लिहिणारा आर्थर ली तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि आपण लवकरच मरणार अशी त्याची खात्री झाली होती. बाहेर व्हिएतनामचं युद्ध चालू. सगळं जग ज्या उन्हाळ्याला प्रेमाचा उन्हाळा म्हणत होतं, त्याच उन्हाळ्यात हा माणूस निरोपाची गाणी लिहीत होता. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत अल्बम 154 व्या क्रमांकाच्या वर सरकला नाही. आज मी तो ऐकते तेव्हा नशेचा विचारसुद्धा मनात येत नाही. आईच्या आजारपणात दवाखान्याच्या जिन्यात बसून रात्री मी तो ऐकलाय, एका कानात इयरफोन घालून, दुसरा कान नर्सच्या हाकेकडे ठेवून. त्याच्याहून जास्त शुद्धीत माणूस कधी असतो, मला माहीत नाही.

आता टेपची गोष्ट, कारण शुद्धीचा प्रश्न खरा तिथे सुटतो. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’मधलं शेवटचं गाणं, ‘टुमॉरो नेव्हर नोज’. अल्बममध्ये शेवटी असलं तरी ध्वनिमुद्रण सगळ्यात आधी, 6 एप्रिल 1966 ला सुरू झालं. शब्दांचं मूळ एलएसडी या नशेच्या पदार्थाचा पुरस्कार करणाऱ्या एका पुस्तकात आहे, ते मी लपवत नाही. पण ते गाणं उभं कसं राहिलं ते बघा. पॉल मॅकार्टनीने घरी टेपचे तुकडे कापून, टोकाला टोक चिकटवून त्यांची वेटोळी तयार केली. त्याचंच हसणं वेग वाढवून असं बदललेलं की समुद्रपक्षी ओरडतायत असं वाटावं. अशी पाच वेटोळी इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती, आणि पांढरे कोट घातलेले तंत्रज्ञ पेन्सिलीवर टेपचा फास ताणून उभे होते. खाली मिश्रणाच्या टेबलावर एकेक आवाज वरखाली करत ते वाजता वाजताच मिसळलं गेलं. तेच मिश्रण पुन्हा करणं शक्यच नव्हतं. जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. मग गाण्याच्या उत्तरार्धात तो आवाज ऑर्गनच्या फिरत्या भोंग्याच्या स्पीकरमधून काढला. बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, मायक्रोफोन अगदी जवळ आणला. तुम्ही तबल्याच्या शाईवर बोट कुठे पडतं यावर बारा वर्षं घालवलीत, काका. हे त्याच जातीचं काम आहे. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी इतकी माणसं इतकी सावध होती.

आणि ते जवळजवळ पूर्ण गाणं एकाच स्वरावर उभं आहे. सुरुवातीला तंबोरा ऐकू येतो. मी आठ वर्षं गाणं शिकले. तंबोरा जुळल्यावर खोलीत जे होतं, ते मला या गाण्यात पहिल्यांदा रॉकमध्ये सापडलं. स्वर हलत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचं सगळं हलताना दिसतं.

शोभेच्या समईबद्दल मात्र मला तुमच्याशी अर्धंच भांडता येईल. शोभेची सतार त्या काळात पुष्कळ वाजली. कुठल्याही गाण्यात चार सुरांची तार छेडायची आणि पूर्वेचं वातावरण आलं म्हणायचं. रविशंकरांनाही याचा त्रास झाला. आपल्या संगीताला नशेशी जोडलं जातं याबद्दल ते अनेकदा दुखावून बोलले आहेत. जून 1967 मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात ते अल्लारखाँसाहेबांबरोबर वाजवायला बसले तेव्हा वादन चालू असताना धूम्रपान करू नका असं त्यांनी श्रोत्यांना सांगितलं होतं. तुमची चीड त्यांच्या चिडीच्या कुळातली आहे, म्हणून मला ती उडवून लावता येत नाही.

पण ‘लव्ह यू टू’ ऐका, त्याच ‘रिव्हॉल्व्हर’वरचं. आधी तालाशिवाय छोटा आलाप, मग तबला. तबल्यावर अनिल भागवत आहेत. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून त्यांना बोलावणं गेलं होतं. सोळा मात्रांचं काहीतरी वाजव आणि मोकळेपणाने वाजव, असं बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने त्यांना सुचवलं. अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलं आहे. बीटल्स आपल्या अल्बमांवर बाहेरच्या वादकांची नावं सहसा छापत नसत, हे लक्षात घेतलं तर ‘भागवत’ हे नाव तिथे वाचताना मला दर वेळी आनंद होतो. पुढच्या वर्षी ‘सार्जंट पेपर’वरच्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य), तंबोरा, तबला वाजवणाऱ्या भारतीय कलाकारांची नावं मात्र वेष्टनावर नव्हती. हा अन्याय आहे, आणि माझ्या लेखातही तो मी केला. हॅरिसनचं नाव चार वेळा घेतलं, त्यांचं एकदाही नाही. दुरुस्त करते : अन्ना जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी.

हॅरिसन स्वतः शिकायला आला होता, हेही नोंदवायला हवं. 1966 च्या सप्टेंबरात तो मुंबईत रविशंकरांकडे सतारीचे धडे घ्यायला आला. जानेवारी 1968 मध्ये पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. त्या बैठकांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते. सतारवादक होणं आपल्याला जमणार नाही हे पुढे त्याने ओळखलं आणि गिटारकडे परतला. शोभेची वस्तू मांडणारा माणूस इतका वेळ शिकण्यात घालवत नाही.

नशेचा मुद्दा संपवण्यापूर्वी ‘झॉम्बीज’ हा बँड. इंग्लंडच्या सेंट ऑल्बन्सची साधी, शाळकरी वाटावीत अशी मुलं. ‘ओडेसी अँड ऑरॅकल’साठी त्यांना हजार पौंड मिळाले होते, त्यामुळे स्टुडिओत शिरण्याआधीच तालमी चोख करून जाणं भाग होतं. एक गाणं तुरुंगातून सुटून येणाऱ्या मैत्रिणीची वाट पाहणाऱ्याचं, एक पहिल्या महायुद्धात गेलेल्या खाटकाचं. डिसेंबर 1967 मध्ये बँड मोडला, अल्बम त्यानंतर एप्रिल 1968 मध्ये आला, आणि त्यातलं एक गाणं 1969 मध्ये अमेरिकेत गाजलं तेव्हा ते वाजवायला बँडच उरला नव्हता.

इंग्लंड-अमेरिकेच्या बाहेर पाहिलं नाही, हा तुमचा आरोप शंभर टक्के मान्य. ब्राझीलच्या ‘ओस मुतांतेस’ या बँडचा 1968 चा पहिला अल्बम यादीत असायलाच हवा होता. लष्करी राजवटीत, साओ पाउलोतल्या दोन भावांनी आणि रीटा लीने केलेला. पहिल्याच गाण्यात मध्येच टेप मंदावत थांबते, जणू कोणी तबकडीची वीज काढली, आणि शेवटी जेवणाच्या टेबलावरचे आवाज येतात, काटे-चमच्यांचे. ते गाणं लिहिणाऱ्या काएतानो वेलोसो आणि जिल्बेर्तो जिल यांना त्याच वर्षी डिसेंबरात अटक झाली आणि पुढे देश सोडून लंडनला जावं लागलं. तुर्कस्तानच्या एर्किन कोराय याचा 1974 चा ‘एलेक्ट्रॉनिक तुर्क्युलेर’ही जोडते; लोकगीतं आणि विजेची गिटार यांचा इतका सहज संसार मी दुसरीकडे ऐकला नाही. यादी आता चौदाची झाली आहे.

तुम्ही लिहिलंय, एकच सांगा, माझ्या पाऊण तासाची किंमत असलेला. ‘फॉरेव्हर चेंजेस’. तो पाऊण तासाच्या आतच संपतो. दिवे घालवायची गरज नाही. सकाळी चहा झाल्यावर ऐका.

आणि एक विनंती. ‘विदिन यू विदाउट यू’च्या मधल्या वाद्यांच्या भागात दिलरुबाची मींड जशीच्या तशी व्हायोलिनं उचलतात, आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो, बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने लिहून दिलेले. तिथे ताल दहा मात्रांचा होतो. माझ्या हाताला तो झपतालच लागतो, दोन-तीन-दोन-तीन. पण मी गाणारी, ठेक्याच्या बाबतीत माझा कान कच्चा. तुम्ही एकदा हातावर मोजून बघाल का? सम कुठे पडते आणि नटवर सोनी तिथे खरोखर झपताल वाजवतायत का, ते इथेच खाली कळवा.