चॅटजीपीटीची सहानुभूती आणि तो व्हायरल मेसेज

‘चॅटजीपीटी डॉक्टरांपेक्षा जास्त सहानुभूतीने बोलतो हे सिद्ध झालंय, मग एमबीबीएसच्या मुलांना संवादकौशल्य शिकवायचं कशाला?’ असा मेसेज फिरतोय. त्यामागचा अभ्यास खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये तो ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. निष्कर्ष मात्र मेसेज लिहिणाऱ्याचा.

त्या अभ्यासात समोर बसलेला पेशंट नव्हताच. रेडिट या ऑनलाइन चर्चास्थळावर लोकांनी विचारलेले १९५ प्रश्न घेतले, तिथली डॉक्टरांची उत्तरं आणि चॅटबॉटची उत्तरं शेजारी ठेवली आणि कौल घेतला तो आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांकडून. सुमारे ७९ टक्के वेळा चॅटबॉट सरस ठरला, हे मान्य. पण डॉक्टरांची उत्तरं सरासरी ५२ शब्दांची होती, चॅटबॉटची २११! फावल्या वेळात दोन ओळी लिहिणाऱ्याशी ही तुलना. बिचारा डॉक्टर हरणारच.

संशोधकांची सूचनाही वेगळी होती: मसुदा चॅटबॉटने करावा, डॉक्टरने तो तपासून दुरुस्त करावा. असा मसुदा तपासायचा तर पेशंटला काय आणि कसं सांगायचं हे डॉक्टरला आधी यायला हवं. आपल्याकडे एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं ‘एटकॉम’ प्रशिक्षण आलं, ते यासाठीच उपयोगी पडेल.